धुरपदेचं रान

जांभळगव्हाणात ओढ्याच्या वळणावर एक काळंभोर रान आहे. कागदावर त्याला आता नुसता गट नंबर उरला आहे, पण गावात लहानथोर सगळे त्याला ‘धुरपदेचं रान’ म्हणतात. गाव पाहायला कुणी आलं की म्हातारे लिंबाजी अण्णा त्यांना देवळात नेण्याआधी या रानाच्या बांधावर आणून उभं करतात. बांध छातीइतका उंच, दगडांचा. “हा बांध चांदीचा आहे,” अण्णा म्हणतात. पाहुणे वाकून दगड निरखायला लागले, की खाली बसून सांगायला सुरुवात करतात.

फार जुनी गोष्ट. या भागात अजून मोजणीवाले फिरकले नव्हते. गावात हैबती नावाचा एक शेतकरी होता. त्याला दोनच लेकरं, थोरली धुरपदा आणि धाकटा तुळाजी. आई लवकर गेली, म्हणून धुरपदेनंच भावाला अंगाखांद्यावर वाढवलं. तिला दिलं होतं दोन मुक्कामांच्या वाटेवर, नदीपलीकडं. हैबतीचं दुखणं हाताबाहेर गेलं तेव्हा त्यानं नरसू पाटलाला आणि आणखी चौघांना बोलावून सांगितलं, “ओढ्याकाठचं रान धुरपदेच्या चोळीबांगडीला. तुळाजीनं कसावं आणि पीक बहिणीच्या दारात नेऊन टाकावं.” तुळाजीनं बापाच्या पायाला हात लावून होकार दिला.

दोन वर्षं त्यानं तो शब्द पाळलाही. तिसऱ्या वर्षी ओढ्याला असा पूर आला म्हणे, की काठावरची झाडं मुळांसकट गेली. पाणी ओसरल्यावर तुळाजी धावत रानात गेला. एक कोपरा तुटला होता खरा, पण बाकी रानावर वीतभर गाळ येऊन बसला होता. त्यानं मूठभर गाळ उचलून दाबला. लोण्यासारखा. त्या गाळात उभ्या उभ्याच त्याच्या मनात पाप आलं, असं सांगतात. त्यानं बहिणीला निरोप धाडला, “अक्का, तुझं रान ओढ्यानं नेलं. नुसती वाळू उरलीय.”

पंधरा दिवसांनी धुरपदेचा माणूस आला. त्यानं फडक्यात बांधलेले तिच्या हातातले चांदीचे गोठ तुळाजीच्या हातावर ठेवले. निरोप एवढाच होता, “रान गेलं तर गेलं. तू वाहून गेला नाहीस हे पुष्कळ. हे मोड आणि दगडाचा बांध घाल, म्हणजे तुझं तरी रान राहील.”

तेव्हाच खरं सांगता आलं असतं. तुळाजीची बायको सगुणा तसं म्हणालीही. तो म्हणाला, “या सुगीला सांगतो.” मग पुढच्या सुगीला. गोठ मोडून बांध मात्र लगेच घातला, आणि तो घातला त्याच रानाला. बहीण दूर, तिच्या मागं लेकरंबाळं, तिचं येणं होत नसे. पाटलासकट त्या पाचही जणांना सगळं ठाऊक होतं. पण दर साली तुळाजीकडून त्यांच्या घरी हुरडा जायचा, हरभरा जायचा, आणि कुणी तोंड उघडत नव्हतं. अशी नऊ वर्षं गेली.

दहाव्या वर्षी येळवसेला तुळाजीनं त्याच रानात मोठं जेवण घातलं. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडं अख्खं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, भज्जी-आंबिलाचा नैवेद्य दाखवायचा. त्या साली तुळाजीच्या लेकीची सोयरीक ठरली होती, म्हणून व्याही मंडळीही जेवायला होती. पंगत बसली. तुळाजी आंबील वाढत होता. इतक्यात ज्वारीच्या दाटीतून वाट काढत एक पांढऱ्या कपाळाची बाई बांधाशी येऊन थांबली.

ती धुरपदा होती. नवरा गेला होता, आणि माहेरची चार माणसं बघावीत म्हणून ती गावच्या गाडीबरोबर न सांगता आली होती. ओढ्यावर बायकांना तिनं तुळाजीचं रान विचारलं, त्यांनी इकडं बोट दाखवलं.

तुळाजीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. बहिणीनं आधी बांधाकडं पाहिलं, मग पुरुषभर वाढलेल्या ज्वारीकडं, मग त्याच्याकडं. त्याला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडावं, असंही वाटलं म्हणे.

नरसू पाटलाला तोवर दिसायचं बंद झालं होतं. त्यानं नुसती पंगतीतली कुजबुज ऐकली. “कोण, धुरपदा आली का?” आणि एवढ्या वर्षांचं साठलेलं म्हाताऱ्याच्या तोंडून निसटलं, “बाई, हे रान कुणाचं गं?”

व्याही मान वर करून बघू लागले. सगुणेनं पदर तोंडाला लावला.

“भावाचं आहे, आबा,” धुरपदा म्हणाली. “माझं ओढ्यानं नेलं. नऊ वर्षं झाली.”

ती पंगतीला बसली. भाचीच्या गालावरून हात फिरवला. दोन घास खाल्ले आणि परतीच्या गाडीनं निघून गेली. तुळाजी तिला गाडीपर्यंत पोचवायलासुद्धा गेला नाही. आपलं खोटं आपल्याच बहिणीच्या तोंडून चारचौघांत ऐकावं लागलं, याची लाज त्याच्या अंगाला अशी डसली की पुढं महिनाभर तो लोकांसमोर जेवत नव्हता.

सुगी झाली. त्या रानाचा दाणा न् दाणा तीन गाड्यांत भरून तो बोडक्या डोक्यानं बहिणीच्या दारात गेला. ती सारवत होती. हात न धुता तशीच उभी राहिली.

“अक्का, मी खोटं बोललो.”

“ठाऊक आहे. दुसऱ्याच साली कुणी येऊन सांगितलं होतं मला.”

“ठाऊक असून गोठ पाठवलेस?”

“गोठ आधी गेले होते रे. आधी कळलं असतं तर पाठवले नसते.”

तुळाजीला वर बघवेना. “मग त्या दिवशी पंगतीत मला का वाचवलंस?”

“तुला कोण वाचवतंय? पोरीचे सोयरे बसले होते. त्या पोरीनं काय केलं होतं?” मग ती म्हणाली, “तुझ्यापायी मी देवाच्या दिवशी, भरल्या पंगतीत खोटं बोलले तुळाजी. धान्य ने नाहीतर ठेव. माझं खोटं तेवढं उतरव. जिथं बोलले तिथं, त्याच माणसांसमोर.”

वर्षभरात लेकीचं लग्न झालं. पुढच्या येळवसेला तुळाजीनं तीच माणसं बोलावली, व्याहीही बोलावले. धुरपदा आली आणि भाकरीची टोपली पुढ्यात घेऊन कोपीत बसली. तुळाजी कोपीबाहेर उन्हात उभा राहिला. पागोटं काढून काखेत घेतलं. तोंडातून शब्द फुटेना. आंबिलावर माशा घोंगावू लागल्या, व्याही एकमेकांकडं बघू लागले, पण धुरपदेनं टोपलीवरचं फडकं काढलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी तो बोलला. बापाचा शब्द, गाळ, निरोप, गोठ, सगळं. “हे रान माझ्या बहिणीचं आहे,” म्हणाला आणि मटकन खाली बसला.

धुरपदेनं फडकं काढलं आणि भाकरी वाढायला घेतली. पहिली त्याला वाढली की शेवटची, याबद्दल मात्र गावात दोन मतं आहेत.

आजही जांभळगव्हाणात येळवसेला घरचा कर्ता पुरुष आधी कोपीत शिरत नाही. बाहेर उन्हात बोडक्यानं उभा राहून तो आपल्या बहिणींची आणि आत्यांची नावं मोठ्यानं घेतो, आणि ज्यांचा वाटा आपण खातो त्यांचीही घेतो. काहीजण भराभर उरकतात. एखाद्याला मात्र वेळ लागतो. नाव ओठांवर येऊन अडतं, तो जमिनीकडं बघत राहतो. तेव्हा त्याला कुणी घाई करत नाही. पोरं भुकेनं कुरकुरत असतात, आणि कोपीतल्या बायका टोपल्यांवर हात ठेवून थांबलेल्या असतात.