गेटवरचं लिंबू

"आणि त्याच्यानंतर काय टाकलंस?"

"क्लोरीन, वस्ताद. दुप्पट."

"मग?"

"मग तुरटी. मग परत क्लोरीन. मग पुण्याहून एक निळं औषध मागवलं, ते."

"मग?"

"...मग तुम्हाला बोलावलं."

दस्तगीर वस्ताद हसले. चाळीस वर्षं त्यांनी पोरांना पोहायला शिकवलं होतं. जिनपाल मगदूमलाही त्यांनीच शिकवलं, कमरेला सुका भोपळा बांधून, मळ्यातल्या विहिरीत. तोच जिनपाल आता टाईल्सचा मोठा व्यापारी झाला होता आणि जयसिंगपूरबाहेर त्याने पोहण्याचा तलाव बांधला होता. तळाला पांढरीशुभ्र फरशी, स्वतः निवडलेली.

उद्घाटनाला महिनाही झाला नव्हता. फरशीवर चहा सांडल्यासारखे तांबूस डाग पडले होते आणि पाणी असं, की तांदूळ धुतलेलं बरं.

आठ दिवसांनी बत्तीस पोरं शिकायला उतरणार होती. शिकवणार वस्ताद. त्यांची अट एकच, तळ दिसला पाहिजे. त्यांनी खिशातून एक काळा खडा काढला आणि खोल पाण्यात टाकला.

खडा दोन हात खाली गेला आणि दिसेनासा झाला.

"पोरं उतरणार न्हाईत," वस्ताद म्हणाले.

"अहो, पण औषधात मी काही कमी केलेलं नाही! नुसतं दिसायला गढूळ आहे."

"बुडणारं पोर ओरडत न्हाई, जिनपाल. ते दिसावं लागतं."

जिनपालने पुन्हा औषधांच्या डब्यांकडे बघितलं.

व्यापाऱ्याला एक खोड असते. माल उठत नसला की तो शेजारी आणखी माल मांडतो. जिनपालने मागे एकदा न खपलेल्या पोपटी टाईल्स खपाव्यात म्हणून तसल्याच आणखी दोन ट्रक मागवल्या होत्या. त्या अजून त्याच्या गोदामात आहेत. तलावाचंही त्याने तेच चालवलं होतं.

"नवं काहीतरी सांगा," तो म्हणाला. "कितीही महाग असू दे."

वस्ताद उठले आणि गेटपाशी गेले. तिथे लिंबू-मिरची टांगलेली होती, कालच्या शनिवारची, ताजी. त्यांनी लिंबू ओढून काढलं.

"वस्ताद! ते नजरेचं आहे!"

"चाकू आण."

लिंबू कापून ते पायऱ्यांवरून गुडघाभर पाण्यात उतरले. वाकून अर्धी फोड डागावर दाबून धरली. बराच वेळ धरली. मग हात उचलला.

तेवढी लिंबाएवढी फरशी पांढरी झाली होती. पहिल्या दिवसासारखी.

जिनपाल बघतच राहिला.

"लिंबाला भ्यालं म्हणजे लोखंड," वस्ताद म्हणाले. "गंज हाय हा. पाण्यात लोखंड कुठंय?"

"कुठंच नाही. पाईप प्लास्टिकचे. पाणी तपासून घेतलेलं. शपथेवर सांगतो, एक खिळा नाही."

वस्ताद अर्धं लिंबू हातात धरून पाण्यातच उभे राहिले...

जिनपालचा चेहरा हळूहळू उतरला.

"नाल," तो पुटपुटला. "घोड्याचा."

"कुठं?"

"पाणी फिरून जिथून येतं, त्या टाकीत. उद्घाटनाला सगळं गाव आलं होतं, तोंडभरून कौतुक करत होतं... म्हटलं, नजर लागणार. मिरजेच्या एका टांगेवाल्याकडून काळ्या घोड्याचा नाल आणला आणि सोडला आत. आठवड्यात डाग पडले."

"मग काढलास?"

"...मग दुसरा टाकला. पाणी गढुळलं, तेव्हा तिसरा."

वस्ताद असे हसले, की तलावभर लाटा उठल्या.

तिन्ही नाल वर आले. गंजून फुगले होते. क्लोरीनने गंज आणखी चढतो, म्हणून वस्तादांनी ते थांबवायला लावलं आणि मेडिकलवाल्याकडून व्हिटॅमिन सीची पूड मागवून पाण्यात सोडली. डाग विरले. मग थोडी तुरटी टाकून पंप बंद केला.

"आता काय करू?"

"काही न्हाई."

"काहीच नाही?"

"काठावर बस. पाण्याला हात लावायचा न्हाई."

इतकं जड काम जिनपालला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस तो हात मांडीखाली दाबून बसला. तिसऱ्या दिवशी तळाशी बसलेला गाळ हलक्या हाताने ओढून बाहेर सोडला. मग क्लोरीन पुन्हा, थोडं थोडं, वस्ताद सांगतील तेवढंच.

आठव्या दिवशी सकाळी गेटबाहेर बत्तीस पोरांचा कल्ला चालला होता. वस्तादांनी दुसरा काळा खडा टाकला.

खडा गेला... गेला... तळाशी टेकला. टेकलेला दिसला. चार हातांवर पहिला खडाही दिसला.

"सोड पोरांना," वस्ताद म्हणाले.

जिनपाल गेट उघडून आला आणि काठावर बसला. पोरं किंचाळत पाण्यात उतरत होती आणि बत्तीसच्या बत्तीस जोड पाय त्याला अंगठ्यापर्यंत मोजता येत होते.

जरा वेळाने त्याने खुर्चीखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन नाल काढले.

"वस्ताद, टाकून द्यायला जीव होत नाही. मग लावू कुठं? गेटला? का दुकानाच्या उंबऱ्याला?"

वस्तादांची नजर पोरांवरून हलली नाही.

"घोड्याला."