तोरणखेडच्या देवळाची कवाडं

तोरणखेडच्या देवळाला कवाडं नाहीत. इथले मेथडिस्ट लोक आपल्या चर्चला देऊळच म्हणतात, तेव्हा पाव्हण्यांनी दचकू नये. चौकट आहे, चांगली सागवानी. बिजागऱ्या आहेत, त्यांना दर नाताळाला तेल पाजतात. पण कवाडं काही नाहीत. शेळ्या आत शिरतात, कुत्री शिरतात, वारं तर बारा महिने घरच्यासारखं येतं-जातं. नवा पाळक आला की पहिल्याच महिन्यात सुताराला निरोप धाडतो, आणि गावातली म्हातारी माणसं त्या सुताराला वाटेतच चहा पाजून परत लावून देतात. का, म्हणून विचारलंत तर बसा. अहं, त्या पायरीवर नको, ती दुसऱ्या कुणाची आहे. इकडे चिंचेखाली या.

गोष्ट मोठ्या दुष्काळानंतर वीस-पंचवीस वर्षांनी घडलेली, असं सांगतात. देऊळ नवं होतं आणि मंडळी जेमतेम चाळीस. पाळक घोड्यावरून फिरायचा, आठ गावं त्याच्या गळ्यात. तोरणखेडला तो तीन महिन्यांतून एकदा यायचा. मधल्या काळात मंडळी सांभाळायची ती क्लास-लीडरनं. हा क्लास शाळेतला नव्हे. दर बुधवारी दुपारी दहा-बारा माणसं गोल करून बसत आणि लीडर एकेकाला विचारी, "जिवाचं कसं काय?" मग ज्यानं त्यानं खरं सांगायचं. कुणाचा राग धरला, कुठं खोटं बोललो, देवानं कुठं हात दिला. मेथडिस्टांचा हा जुना शिरस्ता.

तोरणखेडची लीडर होती रिबकाबाई. दुष्काळात आईबाप गेलेली, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, ताठ पाठीची, कडक इस्त्रीच्या आवाजाची. बारा वर्षांत तिचा एक बुधवार चुकला नाही. कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे तिला आधी कळायचं आणि पिठाची पाटी घेऊन ती दारात हजर व्हायची. गाव तिला मानायचं आणि थोडं भ्यायचंही.

पण तिचं एक दुखणं होतं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. विलायतेत ज्या पाद्रीबाबापासून ही मंडळी निघाली, त्याला एका संध्याकाळी सभेत बसल्या बसल्या छातीत ऊब लागली, आणि आपल्या पापांची क्षमा झाली हे त्याला आतून कळलं. फिरता पाळक हे दर वेळी सांगायचा. म्हणायचा, देवाची कृपा सगळ्यांसाठी आहे, फुकट आहे, आणि ज्याला मिळते त्याला कळते. रिबकाबाई बारा वर्षं त्या उबेची वाट बघत होती. उपास केले, गुडघे झिजवले. छाती आपली गारच्या गार. सांगणार कुणाला? क्लासमध्ये सगळ्यांना विचारायची तीच. लीडरला विचारणारं कुणी नव्हतं.

अशात सगुणा आली. पलीकडच्या गावची, नवरा गेलेली, दोर वळून पोट भरणारी. बाप्तिस्मा होऊन तिला तीन महिने झाले नव्हते. एका बुधवारी रिबकाबाईनं तिला विचारलं, "जिवाचं कसं काय, सगुणा?"

"काय सांगू बाई!" सगुणा म्हणाली. "काल दोर वळता वळता हितं छातीत अशी ऊब आली, बाळंतिणीला शेक द्यावा तशी. रडू यायला लागलं अन् हसूबी. देव म्हणला, सगुणे, झालं गेलं सोड."

बायांनी डोळ्यांना पदर लावले. रिबकाबाई म्हणाली, "देवाची स्तुती असो." आणि मनातल्या मनात सुरू झाली.

बाराखडी येत नाही हिला! प्रार्थनेत जांभया देते! गाणं म्हणते ते तिसऱ्याच सुरात! आणि देवाला द्यायला हीच सापडली? घरी जाऊन रिबकाबाईनं भाकरी थापली ती तव्यावर करपून गेली तरी तिला पत्ता नाही. त्या दिवसापासून तिला दुसरं काही दिसेना. कुणाचं पोर तापलं की लोक आता सगुणेच्या छपरीत जात. भांडण झालं की तिथंच. रिबकाबाईची सख्खी नणंदसुद्धा जाऊन बसली. एवढी पिठाची पाटी फिरवली, पण छपरीतून येताना माणसं सगुणेच्याच गोष्टी करत येतात, हे रिबकाबाईला जिव्हारी लागलं. माझं होतं ते तिनं नेलं, एवढंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

मेथडिस्टांत तेव्हा तिकिटं असत. तीन महिन्यांनी पाळक छापील चिठ्ठ्या धाडायचा, वर शास्त्रातलं एक वचन, खाली नाव लिहायला जागा. ज्याची वागणूक नीट त्याला लीडरनं तिकीट द्यायचं. तिकीट असेल त्यालाच प्रीतिभोजनाला आत यायला मिळे. प्रीतिभोजन म्हणजे भाकरीचा तुकडा आणि पाणी, बस्स. पण दोन कानांचा एक तांब्या असे, तो हातोहात सगळ्यांत फिरे. एक कान देणाऱ्याच्या हातात, एक घेणाऱ्याच्या. मनात अढी असेल तर तो तांब्या धरायचा नाही, असा दंडक होता.

रिबकाबाईनं सगुणेचं तिकीट लिहिलं नाही. कारण काय, तर म्हणे सगुणेनं रविवारी दोर वळला. वळला होता, खोटं नव्हतं. गावचा एक बैल विहिरीत पडला होता, काढायचा सोल, म्हणजे जाड दोर, अपुरा पडत होता, आणि सगुणेनं काठावर बसून घाईघाईनं वीतभर-वीतभर वाढवून दिला होता. शब्बाथाला, म्हणजे काम न करायच्या वारीसुद्धा, विहिरीत पडलेला बैल काढावा, हे खुद्द प्रभूनंच सांगितलंय. ते वचन रिबकाबाईला तोंडपाठ होतं. तरी प्रीतिभोजनाच्या दिवशी तिनं सगुणेला दारात सांगितलं, "नियम तो नियम."

सगुणा भांडली नाही. "बरं बाई," म्हणाली आणि पायरीवर बसली, हीच ती पायरी. रिबकाबाईनं आत जाऊन कवाडं लावली, वरची कडी घातली, आणि म्हणतात, त्या कडीच्या आवाजानं तिला बारा वर्षांत पहिल्यांदा गोड वाटलं.

भाकरी मोडली. तांब्या काठोकाठ भरून निघाला. चाळीस माणसांतून फिरला, एका कानाकडून दुसऱ्या कानाकडं, आणि रिबकाबाईच्या हातात परत आला. तिनं आत बघितलं. काठोकाठ! बोटभरही पाणी कमी नाही.

जुनी माणसं याला चमत्कार म्हणतात. आमची सुंदरामावशी मात्र चिडायची. म्हणायची, "कसला डोंबलाचा चमत्कार! बाहेर ती तहानलेली बसलीय, तर आत कुणाच्या घशाखाली उतरणार? सगळ्यांनी ओठाला लावून पुढं दिला." तुम्हाला काय मानायचं ते माना.

रिबकाबाई उठली, कडी काढली आणि तांब्या घेऊन दारात उभी राहिली. जळत होतीच ती, तेव्हाही. उन्हात बसून सगुणेचं तोंड सुकलं होतं. तिनं वर बघितलं, पाण्याकडं नाही, रिबकाबाईच्या तोंडाकडं. आणि अगदी साधेपणानं विचारलं,

"बाई, तुमच्या जिवाचं कसं काय?"

असं कुणी विचारलंच नव्हतं. रिबकाबाई तांब्या घेऊन तिच्या शेजारी पायरीवर बसली. सगळी मंडळी दारात जमली होती, त्यांच्यासमोर ती म्हणाली, "जळतेय गं. तुझ्यावर जळतेय. तुला मिळालं अन् मला नाही. बारा वर्षं झाली, मला काहीच वाटत नाही. नियमाचं खोटं होतं, सगुणा. मला तुला बाहेर बघायचं होतं."

सगुणेनं तांब्याचा एक कान धरला. "दुसरा धरा," म्हणाली. दोघी तिथंच पायरीवर प्याल्या, मग तांब्या आत गेला, आणि या वेळी रिकामा होऊन आला.

दुसऱ्या दिवशी रिबकाबाईनं स्वतः सुतार आणून कवाडं उतरवली. तिला ती ऊब पुढं लागली का? लोक विचारतात. ती स्वतः मरेपर्यंत "अजून नाही" असंच सांगायची, आणि सांगताना हसायची. सगुणा तिच्या शेजारीच बसलेली असायची.

आजही तोरणखेडच्या क्लासमध्ये पहिला प्रश्न लीडरला विचारतात. लीडरनं या पायरीवर, चौकटीबाहेर बसायचं, आणि मंडळीतल्या सगळ्यांत नव्या माणसानं आतून विचारायचं, "जिवाचं कसं काय?" "बरं आहे" हे उत्तर चालत नाही. त्यानं खरं सांगितलं की मगच त्याला आत घेतात. आणि ती कवाडं? आत जाऊन बघा. प्रीतिभोजनाच्या भाकरी ज्या लांब मेजावर मांडतात, ते त्या कवाडांचंच केलेलं आहे. कडी अजून तशीच आहे त्याला. वाढताना ती हाताला लागते.