कुंभेवळणचा माहेरकोपरा

घाटाखालच्या कुंभेवळणात दिवाळीला याल तर अंगणं अशी सारवलेली दिसतील, की सांडलेला भात उचलून खावा. पण प्रत्येक उंबऱ्याच्या डाव्या अंगाला हातभर जागा तशीच ओबडधोबड सोडलेली असते आणि तिच्यात सोनकीच्या वाळक्या काड्या उभ्या असतात. पाहुणे नाक मुरडतात. मुरडोत बापडे. गावात त्या जागेला माहेरकोपरा म्हणतात आणि त्यामागे एका सासूची चूक आहे, असं सांगतात.

कोंडाबाई तिचं नाव. टापटिपीची इतकी, की तिच्या अंगणात पान पडायलाही भीत असे म्हणे. तिची सून हौसा डोंगरमाथ्यावरच्या वाडीतली. लग्नाच्याच साली वरचा झरा आटला, वाडी उठली आणि माणसं पोटामागे कुठच्या कुठे गेली. हौसाला माहेर म्हणून उरली ती माथ्यावरची पिवळी सोनकी. तिनं रोपं आणून उंबऱ्याशी लावली. भादव्यात ती फुलली, पण पुढल्या पावसाळ्यात तिथं काहीच उगवलं नाही. दरसाल नवी रोपं आणून तीन वर्षं असंच झालं.

"माझ्यावानीच हाय ती, आत्याबाई," हौसा सासूला म्हणाली. "म्हायेर उठलं, आता कुटंच नांदंना."

चौथ्या वर्षी हौसाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि हिला माहेरच नाही. सातवा लागला तसं पोरीनं अन्न सोडलं. 'एकदा वर नेऊन आणा,' एवढंच म्हणे. अवघडलेल्या बाईला घाट कसा चढवायचा? सून आणि पोटातला जीव, दोन्ही हातचे जातात की काय, या धास्तीनं कोंडाबाईचा डोळा लागेना. दिवाळी सरल्यावर ती स्वतःच काठी टेकत वर निघाली. निदान माहेरच्या दारची मूठभर माती तरी आणू, असं तिच्या मनात होतं.

वर माणसाचा मागमूस नव्हता. पडक्या भिंतींमध्ये हौसाच्या बापाच्या अंगणात मात्र गुडघाभर सोनकी वाळून उभी होती. वारा आला की तिचं बी उडे आणि तिथंच जमिनीवर बसे. चार वर्षं त्या अंगणात केरसुणी फिरली नव्हती. दर दसऱ्याला फूल सुकायला लागलं, की बी धरायच्या आत काड्या उपटून अंगण सारवणारे हात कोंडाबाईचेच होते. सुनेचं माहेर आपणच दरसाल उपटलं, म्हणून ती ढसाढसा रडली म्हणे.

ओच्यात बी घेऊन ती खाली आली.

"घास खा, पोरी. चूक माजी हुती, फुलाची न्हाई."

दोघींनी मिळून बी उंबऱ्याशी विखुरलं आणि तिथं केरसुणी लावणार नाही, अशी कोंडाबाईनं शपथ घेतली. हौसा त्या दिवशी पोटभर जेवली. तुळशीच्या लग्नाला आलेल्या बायकांनी तो कोपरा पाहून टोमणे मारले, तरी कोंडाबाईनं तिथं केरसुणी लावली नाही. माघात नात झाली. श्रावणात कोपरा रोपांनी भरला आणि भादव्यात रांगती नात पिवळ्या फुलांत जाऊन बसली.

आजही कुंभेवळणात नवी सून घरात आली, की दुसऱ्या दिवशी सकाळी सासू तिच्यासमोर अंगण झाडायला घेते. झाडत झाडत कोपऱ्यापाशी येते आणि केरसुणी खाली ठेवते.

"हितनं पुढं तुजं," ती सुनेला सांगते.