सुभाना म्हैस पोचवतो

त्या दिवशी धुकं एवढं दाट होतं की कोंबड्याला उजाडल्याचं कळलं नाही. तो नऊ वाजता आरवला. गावही मग नऊलाच उठलं.

घाटाच्या तोंडाशी असलेल्या त्या गावात सुभाना नावाचा एक भोळा माणूस राहत होता. मनानं चांगला. सांगितलेलं काम करायचा. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा. ऐकलेलं कधी विसरायचा नाही. तीच मोठी अडचण होती.

सुभानाची लेक मंगल मस्कतला. जावई तिथल्या एका हॉटेलात स्वयंपाकी. मंगलचं बाळंतपण करायला सुभानाची बायको हौसा दोन महिने आधीच विमानात बसून गेली होती. नात झाली. बारा दिवस झाले, बारशाची वेळ आली. पण मंगल हटून बसली. म्हणाली, “बाबा आल्याबिगर नाव ठेवायचं न्हाई.” पाळणा सजवून ठेवलेला, पोर बिननावाची. आता सुभानानं जायचं, बारसं करायचं आणि सहा महिने तिथंच राहायचं, असं ठरलं.

सहा महिने घर बंद राहणार, म्हणजे घराची निरवानिरव आली. हौसा रोज संध्याकाळी फोनवरून एकेक काम सांगायची. धुक्याच्या त्या दिवशी पहिलं काम होतं म्हशीचं.

“म्हस समोरच्या गौराक्काकडं पोचवा,” हौसानं सांगितलं होतं.

गौराक्का म्हणजे समोरची म्हातारी शेजारीण. सुभानानं म्हैस तिच्या गोठ्यात नेली, सोडली आणि निघाला. चार पावलांवर मागं वळून बघितलं. म्हैस हंबरली. सुभानाचं काळीज तुटलं. तो परत गेला, म्हैस घेऊन घरी आला. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा म्हैसच पुढं आणि सुभाना मागं.

संध्याकाळी फोनवर त्यानं सगळं खरं सांगितलं.

“अवो, असं नसतं,” हौसा म्हणाली. “दाव्यानं पक्कं बांधायचं. पुढ्यात पेंडी टाकायची. पाठीवर थाप मारायची आणि सरळ घरी यायचं. मागनं कितीबी हाका आल्या तरी मागं बघायचं न्हाई.”

“बरं. ध्यानात ठिवतो,” सुभाना म्हणाला.

आणि ठेवलं. त्याच संध्याकाळी म्हैस पोचली.

दुसऱ्या दिवशी काम आलं देवांचं. घर बंद करून जाताना देव्हाऱ्यातले देव बिनपूजेचे ठेवता येत नाहीत. ते कुणाकडं तरी द्यावे लागतात. हौसानं सांगितलं, “आपलं देव देवळात दगडू गुरवाकडं पोचवा.”

सुभानानं देव पाटीत घेतले. देवळात गेला. दाव्यानं खंडोबा खांबाला पक्का बांधला. अन्नपूर्णेलाही त्याच दाव्यात घेतलं. दोघांच्या पुढ्यात ओल्या गवताची पेंडी टाकली. खंडोबाच्या पाठीवर थाप मारली आणि निघाला.

दगडू गुरव गाभाऱ्यातून बाहेर आला. “सुभाना! आरं ए सुभाना, ह्ये काय?”

सुभानानं मागं बघितलं नाही.

संध्याकाळी हौसानं सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, “अवो, देव म्हंजे म्हस हाय व्हय? आधी ताम्हनात आंघोळ घालायची. स्वच्छ पुसायचं. हळदकुकू लावायचं. तांबड्या फडक्यात गुंडाळायचं आणि दोन्ही हातांनी द्यायचं.”

“बरं. ध्यानात ठिवतो.”

तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या एजंटाला व्हिसासाठी सुभानाचे दोन फोटो हवे होते. सुभानानं फोटो काढून आणले. छान आले होते. घरी येऊन त्यानं दोन्ही फोटोंना ताम्हनात आंघोळ घातली. पहिल्या पाण्यात मिशी गेली. दुसऱ्या पाण्यात नाक. मग पुसलं, तर उरलेलं फडक्याला आलं. जिथं कपाळ असावं असं वाटलं, तिथं हळदकुंकू लावलं आणि तांबड्या फडक्यातून एजंटाला दोन्ही हातांनी दिलं.

एजंटानं फडकं उघडलं. फोटो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

“ह्ये कोण?”

“मी,” सुभाना म्हणाला. “आत्ताच आंघोळ झालीय.”

फोटो परत काढावे लागले. हौसानं समजावलं, “कागदाला पाणी दावायचं न्हाई. प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा. आतली हवा दाबून काढायची. तोंड सुतळीनं गच्च बांधायचं आणि वर नाव घालायचं.”

“बरं. ध्यानात ठिवतो.”

चौथ्या दिवशी तुळस गौराक्काकडं द्यायची होती. आता तुम्हाला कळलंच असेल. सुभानानं तुळस कुंडीसकट खताच्या पिशवीत घातली. पिशवीवर बसून हवा काढली. सुतळी बांधली. वर कोळशानं नाव घातलं, ‘तुळस’.

गौराक्कानं पिशवी सोडली. आत एक काडी आणि चार पानं शिल्लक होती.

“सुभाना,” ती म्हणाली, “तुझ्या हातनं देवबी सुटला न्हाई, तुळसबी सुटली न्हाई. माझ्याकडं येऊ नगंस फार.”

संध्याकाळी हौसा म्हणाली, “झाड कोंडून मरतं, अवो. उघड्यावर ठिवायचं. सकाळी तांब्याभर पाणी घालायचं. ऊन खाऊ द्यायचं. भोवतीनं पाच फेऱ्या मारायच्या.”

“बरं. ध्यानात ठिवतो.”

पाचव्या दिवशी नवी चाकांची बॅग भरून झाली. बाळंतिणीसाठी गौराक्कानं डिंकाचे लाडू केले होते. खारीक, खोबरं, तूप, सगळं हात सैल सोडून घातलेलं. बॅगेत वरच्या बाजूला लाडू, खाली बाळाची दुपटी. हौसानं आदल्या दिवशी बॅगेचं एवढंच सांगितलं होतं, “ब्याग भरली की नीट ठिवा.”

सुभानानं नीट ठेवली. अंगणात, उघड्यावर, झाकण उघडून. तांब्याभर पाणी घातलं. आणि भोवती फेऱ्या मारू लागला.

तिसऱ्या फेरीला गौराक्का दारात आली. लाडवांची खीर झाली होती. दुपट्यांनी ती पिऊन घेतली होती. दोन कोंबड्या बॅगेत उभ्या राहून डिंक टिपत होत्या.

“अजून दोन फेऱ्या हायत, आक्का,” सुभाना म्हणाला. “मग बोलू.”

गौराक्कानं कोंबड्या हाकलल्या. तिनं दुपटी धुवून वाळत घातली आणि दुपारभर बसून परत लाडू वळले.

त्या संध्याकाळी हौसा फोनवर रडली. त्या दिवशी तिनं काहीच शिकवलं नाही. नुसतं म्हणाली, “अवो, एवढुशी पोर नावाबिगर हाय. समदे तुमची वाट बघत्यात. उद्या तुम्ही नुसती ब्याग घिऊन विमानतळावर जावा. बाकीचं तिथली माणसं बघतील.”

सुभाना अवघडला. बॅग विमानतळावर न्यायची, हे समजलं. पण कशी द्यायची? हे काही तिनं सांगितलं नव्हतं. आता आपलं आपणच ठरवायला पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा सुभाना विचार करायला बसला.

बॅग देव नाही. म्हणजे आंघोळ नको. कागद नाही. झाडही नाही, ते आजच कळलं. मग बॅगेसारखं दुसरं काय आहे? अंगानं जड. सहा महिन्यांसाठी दुसऱ्याच्या दारात जायची. सांभाळून पोचवायची. आणि ओढलं की मागनं मुकाट येते.

सुभानाचा चेहरा खुलला. एवढं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावून त्यानं किल्ली गौराक्काला दिली. पासपोर्ट कोटाच्या आतल्या खिशात. बाहेरच्या दोन्ही खिशांत अजून काहीतरी. गौराक्कानं त्याला ओवाळलं, दह्याची कवडी हातावर ठेवली. जीप आली. घाट उतरून सुभाना विमानतळावर पोचला. जीपवाला त्याला दारात सोडून परत फिरला.

आत काचेच्या भिंती, गार हवा. सुभाना बॅगेचा दांडा धरून चालला आणि बॅग म्हशीसारखी मागनं आली. रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली. समोर एक गोड पोरगी बसलेली. तिनं पासपोर्ट बघितला, बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली.

सुभानानं ठेवली. खिशातनं दावं काढलं, बॅगेला दोन वेढे देऊन पक्की गाठ मारली. दुसऱ्या खिशातनं मूठभर गवत काढून पुढ्यात ठेवलं.

“काका, हे काय?”

“वाटंत लागंल,” सुभाना म्हणाला.

पोरगी हसली. गवत बाजूला करून तिनं पासपोर्ट आणि एक चिठ्ठी त्याच्या हातात दिली. सुभानानं बॅगेच्या पाठीवर थाप मारली. पट्टा सुरू झाला. बॅग आपल्या आपण चालायला लागली आणि भिंतीतल्या भोकातून आत गेली. तिनंही मागं बघितलं नाही. सुभानाला फार बरं वाटलं. म्हशीपेक्षा शहाणी निघाली.

मग तो वळला आणि सरळ दाराकडं चालू लागला.

“काका! अहो काका, तिकडं नाही!”

सुभाना चालत राहिला. पोरगी उठून उभी राहिली, हाका मारायला लागली. अजून दोघं-तिघं हाका मारायला लागले. सुभानाचा जीव कासावीस झाला. पण हौसाचं बोलणं ध्यानात होतं. त्यानं मान ताठ ठेवली.

दारावरच्या शिपायानं विचारलं, “कुठं निघालात?”

“घरी,” सुभाना म्हणाला. “पोचवायला आलो हुतो.”

एसटी बदलत बदलत तो दिवस मावळताना गावात आला. गौराक्का अंगणात त्याचीच म्हैस पिळत बसली होती. म्हशीनं त्याला बघितलं आणि हंबरली. गौराक्कानं मान वर केली. हातातली धार थांबली.

“गेला न्हाईस?”

“गेलो की,” सुभाना म्हणाला. “ब्याग नीट पोचवली. दाव्यानं बांधली, गवत टाकलं, थाप मारली. आक्का, मागनं धा जण हाका मारत हुते. पर मी एकदाबी मागं बघितलं न्हाई. आता हौसाचा फोन आला की नातीचं नाव काय ठिवलं त्ये इचारतो.”

गौराक्कानं चरवी खाली ठेवली. पदराला हात पुसले. सुभानाकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं, गोठ्यात लटकणाऱ्या दुसऱ्या दाव्याकडं बघितलं. मग शांतपणे म्हणाली,

“सुभाना, पुढच्या विमानाला मी येते संगं. तुला आत नेऊन बसवते, ह्या दाव्यानं पक्कं बांधते, पुढ्यात पेंडी टाकते, पाठीवर थाप मारते. आणि तू कितीबी हंबरलास तरी मी मागं बघायची न्हाई.”