शुक्रवारच्या स्तोत्राची लय

“मग बरोबर कोण, फादर? ते की मी?”

फादर इनास खिडकीपाशी आरामखुर्चीत पडून होते. वसईतल्या त्या चर्चचा गायनवृंद त्यांनी उभं आयुष्य घालवून घडवला. छातीच्या दुखण्याने दम पुरेना, तेव्हा तो शिष्येच्या, रेजिना तुस्कानोच्या हाती सोपवला. रेजिना जर्मनीत वृंदसंचालन शिकून नुकतीच परतली होती. विद्येबरोबर थोडा तोराही आला होता.

गुड फ्रायडेच्या जुन्या जर्मन स्तोत्राची लय तिने दुप्पट केली आणि गावात दोन तट पडले. “ख्रिस्त क्रुसावर, आणि हिला घाई कसली?” म्हणत जुने गायक घरी बसले. तरुण म्हणाले, आजवर आम्ही पेंगतच होतो. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण इथं पाच मुखं पाच गोष्टी सांगत होती.

“तीनशे वर्षांपूर्वी हे असंच गायचे,” रेजिना म्हणाली. “मोठमोठे संचालक आता तसंच करतात. तुम्ही सगळ्यांना एकदा सांगा. नाहीतर मी वृंद सोडते.”

“परवा ऑर्गन नसणार ना?”

“गुड फ्रायडेला कधी असतो, फादर?”

“म्हणजे सगळे तुझ्या हाताकडेच बघणार... चल, मी गातो. तू हाताने लय दाखव.”

“तुम्हाला दम लागतो.”

“लागू दे, बाय.”

तिने हात उचलला, आपल्या लयीत. पहिल्याच ओळीत फादरांचा श्वास तुटला. तिचा हात एकटाच पुढे निघून गेला होता. तिला ओशाळल्यासारखं झालं.

पुन्हा सुरुवात झाली. आता ती त्यांच्या छातीकडे बघत होती. श्वास आला की हात झरझर निघे, सरला की हवेत थांबे.

शेवटच्या शब्दाआधी फादर थांबले. फार वेळ थांबले...

हात तसाच धरून ती उभी राहिली. आपल्याला पहिला सूर या माणसाने दिला आणि आता तो फार दिवसांचा सोबती नाही, हे तिला कळलं. डोळे भरून आले, पण तिने हात हलवला नाही.

शब्द आला. स्तोत्र पुरं झालं.

“परवा असंच घे,” फादर हळूच म्हणाले. “घरी बसलेत त्यांनाही बोलावून आण.”

“आणि कोणी विचारलं, ही कुठल्या संचालकाची पद्धत?”

फादरांनी डोळे मिटले.

“सांग... एका म्हाताऱ्याला दम लागला होता.”