शिळाघाटातला खुला सार्थ

पूर्वी भद्रवट नगरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका सार्थवाहाच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव सुयाम. व्यापाऱ्यांना त्यांच्या मालासह एकत्र करायचे, बैलांचा तांडा घेऊन समुद्रापर्यंत न्यायचे आणि सुखरूप परत आणायचे, हा सार्थवाहाचा धंदा. अशा तांड्याला लोक सार्थ म्हणत. सुयामचा बाप हेच करी, आजाही हेच करी.

भद्रवट पठारावर वसलेले होते. समुद्रावरचे बंदर मकरतीर्थ खाली होते, आणि दोहोंच्या मध्ये शिळाघाटाची वाट होती. याच वाटेने पठारावरचे कापड खाली उतरे, आणि मीठ, सुकी मासळी, तांबे, खजूर वर येई. घाट वाहता असला की भद्रवटचे माग वाजत आणि चुली पेटत.

राजा अरिंदम मनाने वाईट नव्हता, पण त्याला हत्तींची फार हौस होती. दूरच्या वनांतून त्याने मोठे मोठे हत्ती आणवले. त्यासाठी सोनारांच्या श्रेणीकडून, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघाकडून, कर्ज काढले. कर्ज फिटेना, तेव्हा अमात्य शंखदत्त म्हणाला, "महाराज, घाटाच्या तोंडाशी जकातीचा नाका बसवावा. वाट आपली आहे, चालणाऱ्याने मोल द्यावे."

नाका बसला आणि राजकोशात भर पडली. मग पाण्याच्या टाक्याशी दुसरा बसला, खिंडीत तिसरा. नाका वाढला की उत्पन्न वाढते, असा शंखदत्ताचा हिशेब होता, आणि सुरुवातीला तो बरोबरही निघाला. पुढे मात्र लहान व्यापारी शेजारच्या राज्यातल्या लांबच्या वाटेने जाऊ लागले. कित्येकांनी धंदाच सोडला. विणकरांच्या आळीतले माग एकेक करून थांबले. कोश खाली गेला की शंखदत्त आणखी एक नाका बसवी, आणि नाका बसला की कोश आणखी खाली जाई.

शेवटी त्याने नवी युक्ती काढली. सुयामला राजसभेत बोलावले आणि सर्वांसमक्ष सांगितले, "सुयाम, तुझ्या सार्थाला सगळ्या नाक्यांतून मोकळे जाण्याचा ताम्रपट महाराज देतील. वर्षाची ठरलेली रक्कम तू आधीच कोशात भरायची. बाकीचे व्यापारी जकात देतच राहतील."

सुयामला त्यातले सगळे तिथेच कळले. त्याचा माल सर्वांत स्वस्त पडेल. थोड्याच काळात बाकीची दुकाने बंद होतील. मग मिठाचा भाव तो ठरवील, आणि कापडाचाही. ऐकताना त्याचे मन सुखावले, यात शंका नाही. तो पाठीवर धंद्याचे ओझे घेऊन वाढलेला माणूस होता. "बंदराची एक फेरी करून येतो आणि उत्तर देतो," एवढे बोलून तो निघाला.

परतताना घाटातल्या एका नाक्यापाशी त्याला एक बाई दिसली. तिची दोन गाढवे बाजूला उभी होती आणि ती गोणीतले मीठ वाटेकडेच्या खडकावर ओतत होती. रानातली गुरे तिथे जमून मीठ चाटत होती. ही सामा. नवऱ्यामागे तीच मीठ वाहून आणी, आणि सुयाम तिला ओळखत असे.

"सामाबाई, हे काय चालवलंय?" त्याने विचारले.

"अजून दोन नाके आहेत, दादा," ती म्हणाली. "तिथपर्यंत नेलं तर मिठाच्या किमतीहून जकात जास्त होते. परत खाली न्यायचं तर गाढवं थकलीत. गुरं तरी खातील."

"मग आता काय करणार?"

"गाढवं विकीन. ही खेप शेवटची." तिने गोणी झटकून घडी घातली. डोळ्यांत पाणी नव्हते. ती फार थकलेली दिसत होती.

सुयाम घरी आला. बायको नंदिका हिला त्याने ताम्रपटाची गोष्ट सांगितली आणि सामाचीही सांगितली. नंदिका म्हणाली, "अहो, सगळ्यांनी धंदे सोडले, तर तुमचं स्वस्त मीठ विकत घ्यायला तरी कोणाकडे काही उरेल का?"

सुयाम हसला. वाटेवर त्याच्या मनात हेच घोळत होते, पण ते इतके सरळ शब्दांत त्याला बोलता आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो सभेत गेला. "महाराज, रक्कम मी भरतो," तो म्हणाला. "एकच गोष्ट आपल्या तोंडून ऐकायची आहे. सार्थात कोणाला घ्यायचे हे सार्थवाह ठरवतो, अशी जुनी रीत आहे. ती तशीच राहील ना?"

"तुझ्या सार्थात तू कोणालाही घे," राजा म्हणाला. शंखदत्तानेही मान डोलावली. आपल्या वैऱ्यांना कोणी व्यापारी सोबत घेईल, असे त्याच्या स्वप्नातही आले नाही.

ताम्रपट हातात येताच सुयामने भर बाजारात दवंडी पिटवली: ज्याला घाट उतरायचा असेल त्याने माझ्या ध्वजाखाली यावे, माल कितीही असो, मोल काही नाही.

पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसला नाही. मग काही लोक आले, आणि पुढच्या खेपेला वाट अपुरी पडू लागली. सामा अजून न विकलेली दोन गाढवे घेऊन आली, विणकर डोक्यावर गाठोडी घेऊन आले. नाक्यांवरचे शिपाई ताम्रपट पाहत आणि बाजूला होत. मीठ वर आले, खजूर आला, मागांचा खडखडाट पुन्हा ऐकू येऊ लागला. शेजारच्या राज्यातले व्यापारीही आता इकडूनच जाऊ लागले.

माधविक नावाचा एक मोठा व्यापारी सुयामला भेटायला आला. "तू खुळा आहेस का?" तो म्हणाला. "ध्वजाखाली येणाऱ्या प्रत्येकाकडून थोडे थोडे घे. हसत देतील."

"देतील, माहीत आहे," सुयाम म्हणाला. "म्हणून तर मागत नाही. नाके निकामी करून मी स्वतःच नाका होऊन बसू का?"

शंखदत्ताचा मात्र जळफळाट झाला. नाक्यांवरच्या जकातीतला वाटा गुपचूप त्याच्या घरी जात असे, तो आटला. तो राजाच्या कानाशी लागला. "महाराज, आपल्या सैन्यात नाहीत एवढी माणसे त्याच्या सार्थात आहेत. घाटात आपला ध्वज आता कोणी पाहत नाही. त्याचा पाहतात. आज तो मीठ आणतो. उद्या काय आणील?"

राजा घाबरला. भीतीने त्याला रागही आला. त्याने सुयामला पकडून आणायला शिपाई धाडले.

शिपाई पोचले तेव्हा सार्थ नगराबाहेर थांबला होता. बातमी क्षणात पसरली. बैलवाले, विणकर, मीठवाले काठ्या घेऊन उभे राहिले. शिपाई मूठभर होते आणि त्यांनाही ते दिसत होते. माधविक सुयामजवळ येऊन हळूच म्हणाला, "एक शब्द टाक. आज राजा तुझ्या मुठीत आहे."

सुयामने त्या सगळ्या माणसांकडे पाहिले. आपण हात वर केला तर काय होईल, हे त्याला अगदी स्वच्छ दिसत होते. "राजा माझ्या मुठीत आला की वाटही माझ्या मुठीत आली," तो म्हणाला. "मग शंखदत्तात आणि माझ्यात फरक तो काय?" त्याने लोकांना काठ्या खाली ठेवायला सांगितले, बैलांना वैरण घालायला सांगितले, आणि ध्वज खांद्यावर घेऊन शिपायांच्या पुढे चालू लागला.

सभेत त्याने ध्वज आणि ताम्रपट दोन्ही राजाच्या पायाशी ठेवले.

"क्षमा मागतोस?" राजाने विचारले.

"नाही, महाराज. आपण जे बोललात तेच मी केले. हा पट परत करायला आलो आहे. तो माझ्या नावाने आहे तोवर आपल्याला माझी भीती वाटणार. आणि उद्या माझा मुलगा लोभी निघाला तर लोकांनाही त्याची भीती वाटेल. एवढी मोठी वाट एका माणसाच्या चांगुलपणावर चालू नये. ती आपल्या आज्ञेने सगळ्यांना खुली असावी."

"आणि नाके गेल्यावर माझे हत्ती काय खातील?" राजा म्हणाला.

"बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातला राजभाग आपल्या आजोबांच्या काळापासून चालत आला आहे. तो यंदा किती जमला, हे कोषाध्यक्षांना विचारावे."

म्हातारा कोषाध्यक्ष उपोषक उठून उभा राहिला. त्याचा आवाज बारीक होता, पण सभा शांत झाली होती. "महाराज, सगळे नाके मिळून कोणत्याही वर्षी जेवढे जमले नाही, तेवढे यंदा नुसत्या बाजारातून आले आहे. मी अमात्यांना हे सांगितले होते."

राजाने शंखदत्ताकडे पाहिले. "तुला हे माहीत होते?"

 

त्याच दिवशी नाके उठवण्याची आज्ञा निघाली. नाक्यांवरच्या शिपायांना दरड हटवायला आणि वाटसरूंचे चोरांपासून रक्षण करायला नेमले. निम्मे हत्ती विकून राजाने सोनारांचे कर्ज फेडले. शंखदत्ताला राज्य सोडावे लागले. कित्येकांना त्याचा जीव घ्यावासा वाटत होता, पण सुयामने राजाकडे रदबदली करून तो वाचवला.

पुढे वाट खुली झाली तशी सुयामचे अग्रस्थान गेले. माधविकाची पेढी त्याच्याहून मोठी झाली, नंतर आणखी दोघे पुढे गेले. श्रेणीच्या सभेत सुयाम आता पहिल्या आसनावर बसत नसे. भाव करताना त्यालाही घासाघीस करावी लागे, आणि ती तो मन लावून करी. नंदिकेने एकदा विचारले, "वाईट वाटतं का हो?" तो म्हणाला, "बाजार पाहिलास का? आपल्या बापजाद्यांनी एवढा कधी पाहिला नव्हता. त्यात आपलं दुकान आहे की." आयुष्य पुरे करून, दानधर्म करीत, तो आपल्या कर्मानुसार पुढल्या गतीला गेला.

जेतवनात ही कथा सांगून झाल्यावर शास्ता, म्हणजे बुद्धपदाला पोचलेला तोच बोधिसत्त्व, भिक्षूंना म्हणाला, "भिक्षूंनो, त्या वेळचा शंखदत्त म्हणजे आजचा देवदत्त. राजा अरिंदम आनंद होता आणि कोषाध्यक्ष उपोषक सारिपुत्त. सामा ती उत्पलवर्णा, नंदिका ती राहुलमाता. त्या सार्थातली माणसे म्हणजे आज इथे बसलेली परिषद. आणि सुयाम सार्थवाह मीच होतो. हाती आलेले बळ स्वतःसाठी वापरता येत असताना ते सगळ्यांना वाटून मोकळे व्हावे, आणि पुन्हा कोणा एकाच्या हाती जाणार नाही अशी व्यवस्था लावून जावे, हे नुसत्या करुणेने होत नाही. तिथे प्रज्ञा लागते. त्या जन्मी मी प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची पूर्णता, साधली ती अशी."