कड्यातला काळा दगड

गोष्ट फार जुनी आहे, पण डोंगर तिला अजून कालचीच म्हणतो. त्याच्या कड्यात एक काळा दगड रुतून बसला होता. त्याला लागून असलेल्या चुनखडकाला तो डोळ्यांसमोर नको असे. "हा बाहेरचा आहे. ढकला ह्याला दरीत!" तो सगळ्या खडकांना सांगत सुटला.

एके दिवशी खडकांच्या अभ्यासक अनसूयाबाई हातोडी घेऊन तिथे आल्या. चुनखडकाने त्यांनाच विचारलं, "बाई, तुम्हीच सांगा, हा इथला आहे का?"

बाईंनी दगड निरखला. "नाही. हा समुद्रातल्या ज्वालामुखीचा. दोन खंड एकमेकांवर आदळले, तेव्हा मध्ये सापडून वर आला."

"बघा, मी म्हणत नव्हतो?"

बाईंनी भिंग त्याच्याकडे वळवलं. "तुझ्या अंगात तर शिंपले आहेत. तूही समुद्राच्या तळाचा. आणि तुझ्या शेजारचा खडक म्हणजे कुठल्याशा नदीचा गाळ."

चुनखडक चपापला. "मग मूळचा डोंगर कुठे आहे?"

"तो नव्हताच रे. तुम्ही सगळे आलात, एकमेकांत रुतलात, तेव्हा कुठे डोंगर झाला."

आपण कशावर टेकलो आहोत, ते चुनखडकाने पहिल्यांदाच खाली वाकून पाहिलं. त्याचा सगळा भार त्या काळ्या दगडावर होता.